दोन मिनिटे वाहणारे पाणी

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व काठाने दक्षिणेकडे निघालात की तासाभरात फ्रीमाँट लागते. आपल्यापैकी अनेकांच्या लेकी-जावई, मुले-सुना या गावात किंवा याच्या आसपास स्थिरावलेल्या आहेत. एलिझाबेथ तळ्याभोवती सकाळी फेरी मारलीत तर साडीवर स्वेटर आणि पायांत बूट घातलेल्या दोन-चार आजी हमखास भेटतात, आणि त्यांतली एखादी मराठीत बोलत असते. मागे मिशन पीकचा डोंगर. एप्रिलमध्ये तो हिरवा असतो. मे सरता सरता वाळल्या गवताने पिवळा पडतो.

या फ्रीमाँटच्या एका कोपऱ्यात नाइल्स नावाची जुनी वस्ती आहे. एकच मुख्य रस्ता, बैठी दुकाने, पलीकडे रेल्वेचा रूळ. मूकपटांच्या काळात इथे एसाने कंपनीचा स्टुडिओ होता आणि 1915 मध्ये चार्ली चॅप्लिनने इथे काही चित्रपट केले. आम्ही ते पाहायला म्हणून गेलो नव्हतो. 2025 च्या एप्रिलमध्ये आम्ही तिथे गेलो ते दंतवैद्याकडे.

माझे पती अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मधुमेह जुना, शिवाय संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू. म्हणजे जंतूंशी झुंजण्याची शक्ती दोन्ही बाजूंनी उणावलेली. त्यांच्या खालच्या अर्ध्या कवळीला तडा गेला, तिची कड हिरडीत रुतू लागली आणि शेजारची दाढ ठणकू लागली. प्रवासाला निघण्यापूर्वी दात दाखवून घ्या, असे लेकीने तीनदा बजावले होते. आम्ही रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, चष्मे बदलले; दात मात्र राहिले. आपण प्रवासी विमा काढता तेव्हा दातांविषयी त्यात काय लिहिले आहे ते निघण्यापूर्वी एकदा वाचाच. आम्ही ते तिथे पोहोचल्यावर वाचले.

दवाखाना लहान होता. प्रतीक्षेच्या खोलीत चार खुर्च्या, एक मासा नसलेली काचपेटी आणि भिंतीवर बारीक अक्षरांत छापलेले एक पत्रक. लेक गाडी लावायला गेलेली, मला वेळ होता, म्हणून मी ते वाचू लागले. दंतचिकित्सेत जंतुसंसर्ग कसा टाळावा, याविषयी कॅलिफोर्नियाच्या डेंटल बोर्डाने घालून दिलेले ते किमान नियम होते. त्यांची प्रत प्रत्येक दवाखान्यात दिसेल अशी लावावी, हाही त्यांतलाच एक नियम. कायद्याची भाषा रुक्ष असते, तरी एका ओळीशी मी थांबले. दररोज काम सुरू करण्यापूर्वी खुर्चीच्या पाण्याच्या नळ्यांतून किमान दोन मिनिटे पाणी वाहू द्यावे, आणि दर दोन रुग्णांच्या मध्ये किमान वीस सेकंद. एवढी वर्षे दंतवैद्याच्या खुर्चीत बसले, पण तोंडात फवारले जाणारे ते पाणी कोठून येते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

आतून एक तरुण सहायिका आली. फ्रीमाँटमध्ये अफगाण कुटुंबांची मोठी वस्ती आहे, ही त्यांतलीच. आई-वडिलांबरोबर काही वर्षे पाकिस्तानात राहिल्यामुळे तिला उर्दू येत होती आणि उरलेसुरले हिंदी चित्रपटांनी शिकवले होते. तिने मला 'आंटी' म्हटले आणि आमचे जमले. नोकरीला लागून तिला फक्त पाच आठवडे झाले होते. खरे सांगते, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पाच आठवड्यांची नवखी मुलगी, आणि खुर्चीत माझा हा असा नाजूक प्रकृतीचा माणूस.

पण ती पुढे म्हणाली, "आंटी, आठ तास शिकल्याशिवाय मला या खोलीत हात लावू दिला नाही."

त्या आठ तासांची हकिगत अशी. कॅलिफोर्नियात दंतवैद्याच्या हाताखाली परवाना नसलेली सहायिका काम करू शकते. पण तिला जंतुसंसर्ग रोखण्याचा आठ तासांचा, बोर्डाने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यात वर्गातले शिक्षण असते आणि प्रत्यक्ष कृतीही असते. पूर्वी त्यासाठी नोकरी लागल्यापासून वर्षभराची मुदत मिळे. 1 जानेवारी 2025 पासून कायदा बदलला आणि रक्त किंवा लाळेशी संबंध येईल असे काम हाती घेण्यापूर्वीच हे शिक्षण पुरे करावे, असे तेव्हा ठरले होते. परवाना असलेल्या सहायिकांचीही सुटका नाही. दर दोन वर्षांनी परवाना नवा करताना त्यांना याच विषयाचे दोन तास पुन्हा बसावे लागते.

'वर्षभरात' आणि 'त्यापूर्वी' यांतले अंतर कागदावर किरकोळ दिसते. पण वर्षभरात सहायिकेच्या हातांखालून किती तोंडे जातात, याचा हिशेब आपणच मनाशी करून पाहा. तिचे शिकायचे राहिलेले असेल त्या महिन्यांत आलेल्या रुग्णाला ते कळण्याचा काही मार्ग नव्हता.

खुर्चीशेजारी उभे राहून मी तिचे काम पाहत होते. तिने हात धुतले, मग हातमोजे घातले. अवजारांचे पाकीट माझ्यासमोर फोडले. त्याआधी त्यावरची तारीख पाहिली. पाकिटावरची पट्टी रंग बदललेली होती. मी ती ओळखल्याचे दाखवताच तिने मान हलवली. रंग बदलला म्हणजे पाकीट वाफेच्या यंत्रात जाऊन तापले, एवढेच सिद्ध होते. आतले जंतू खरोखर मेले की नाहीत हे पट्टीला कळत नाही. त्यासाठी दर आठवड्याला यंत्रात अतिशय चिवट अशा जंतुबीजांची चाचणी ठेवतात आणि ती मेली की नाही ते तपासतात. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. घरी आल्यावर मी ती लेकीलाही सांगितली, आणि संगणकातली नोकरी करणाऱ्या तिलाही ती ठाऊक नव्हती याचे मला थोडे बरे वाटले.

कवळी घासून गुळगुळीत करण्यासाठी आतल्या यंत्रावर न्यायची होती. नेण्यापूर्वी तिने ती धुऊन जंतुनाशकात ठेवली. परत आणल्यावर तोंडात घालण्यापूर्वी पुन्हा तेच केले. ज्यांच्या घरी कवळी वापरणारे कोणी आहे त्यांनी हा दुहेरी टप्पा लक्षात ठेवावा. त्या यंत्रावर दिवसभर अनेकांच्या कवळ्या जातात.

आणि ते पाणी? खुर्चीच्या नळ्या फार बारीक असतात. रात्रभर त्यांत पाणी साचून राहते, आतल्या भिंतींवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो आणि सकाळी पहिला फवारा उडतो तेव्हा त्यातले काही सुटून बाहेर येते. पाणी वाहू दिल्याने सुटे जंतू निघून जातात, पण तो थर जात नाही. म्हणून नळ्यांना अधूनमधून औषध द्यावे लागते आणि पाणी तपासावेही लागते. साध्या उपचारांसाठी वापरायच्या पाण्यात दर मिलिलिटरमागे जंतूंच्या पाचशेपेक्षा अधिक वसाहती नसाव्यात, असे अमेरिकेचे आरोग्यखाते सांगते. ही काळजी उगाच घेतलेली नाही. 2016 मध्ये याच राज्यातल्या अनाहाइम शहरात एका बालदंतचिकित्सालयात दाताच्या मगजावर उपचार करताना दूषित पाणी वापरले गेले, आणि कित्येक मुलांना जबड्याचा संसर्ग होऊन रुग्णालयात जावे लागले. त्यानंतर तिथे कायदा झाला, की मगज उघडा पडलेला असेल तेव्हा निर्जंतुक किंवा जंतुनाशकमिश्रित पाणीच वापरावे. त्याआधी, 2011 मध्ये, इटलीतील ब्याऐंशी वर्षांची एक स्त्री लीजनेअर्स नावाच्या न्यूमोनियाने दगावली. त्या दिवसांत ती घराबाहेर पडली होती ती केवळ दंतवैद्याकडे जाण्यासाठी, आणि तिच्या फुप्फुसांत सापडलेले जंतू त्या दवाखान्याच्या नळ्यांतही सापडले.

असे क्वचित घडते. या भीतीने कोणी दाढदुखी अंगावर काढू नये. तोंडातला वाहता पू मधुमेह्याला अधिक धोक्याचा. पण मोठ्या माणसाला सोबत घेऊन जाणाऱ्याने दोन गोष्टी अवश्य कराव्यात. चालू औषधांची चिठ्ठी, विशेषतः स्टेरॉइड असतील तर, खुर्चीत बसण्यापूर्वी दाखवावी. आणि सहायिकेला तिचे काम विचारावे. आपल्या पिढीला डॉक्टरांना प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटते, हे मी जाणते. मीही तशीच. परंतु "पाकीट आमच्यासमोर फोडता का?" हे वाक्य हसून म्हणता येते, आणि काम नीट करणाऱ्या माणसाला ते लागत नाही. त्या अफगाण मुलीला तर कोणी विचारले याचाच आनंद झाला. "सगळे डॉक्टरांकडे बघतात, आंटी," ती म्हणाली, "माझ्या हातांकडे तुम्हीच पाहिलं."

जुलैत आम्ही साताऱ्याला परतलो. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले होते, कवळी पुन्हा थोडी सैल झाली होती. आमच्या दंतवैद्य मॅडमकडे एक ताई दहा-बारा वर्षे आहेत. दार उघडणे, फोन घेणे, अवजारे धुणे, हातात देणे, सगळे त्याच. आपल्याकडील 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांची नोंदणी केली. खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या ताईंचे नाव त्यात कोठेच नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी मात्र त्यांची दखल घेतली आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर रुजू होताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण द्यावे, हेपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस द्यावी, असे ते नियम सांगतात.

मी ताईंना विचारले. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. त्यांनी न अडखळता सांगितले. लशीचे तिन्ही डोस झाले होते. पाकिटावर त्या स्वतःच्या अक्षरात तारीख घालत होत्या. मॅडमनी शिकवले, म्हणाल्या, आणि काही पाहून पाहून शिकले.

"आणि सकाळी नळीतलं पाणी?"

"सोडते की. आल्याबरोबर." मग जराशा थांबल्या. "किती वेळ, ते काही मोजलेलं नाही बघा."

मी नाइल्सच्या भिंतीवरचे ते पत्रक त्यांना सांगितले. मॅडम आतून ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात आमची वेळ सकाळची पहिलीच होती. आम्ही पोहोचलो तेव्हा ताई एकट्याच होत्या. यांना बाकावर बसवून त्या आत गेल्या, खुर्चीची नळी बेसिनवर धरली आणि पाणी सोडले. दाराच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती, आणि समोर भिंतीवर नवे लावलेले, सेकंदकाट्याचे घड्याळ. पाणी वाहत होते. बाहेर पाऊस. हे कंटाळून म्हणाले, "अगं, अजून किती वेळ?"

"एक मिनिट झालं," ताई आतून म्हणाल्या, "अजून एक."