थांबा

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत, की ते कोठे उभे आहेत हे पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ लागत नाही. ‘थांबा’ हा त्यांपैकीच एक. रस्त्याच्या कडेच्या शेडवर तो लिहिलेला असला तर ते नाम असते, तेथे एस. टी. येते आणि माणसे तिची वाट पाहतात. अष्टकोनी तांबड्या पाटीवर तो लिहिलेला असला तर ते क्रियापद असते, आणि तेही आज्ञार्थी. आमच्या आळीच्या तिठ्यावर ही दुसऱ्या प्रकारची पाटी लागली, त्याच आठवड्यात खेड्यातून आलेले एक वृद्ध गृहस्थ तिच्याखाली गाठोडे ठेवून बराच वेळ बसून होते. “गाडी किती वाजता येते हो?” असे त्यांनी मला विचारले, तेव्हा मला हसू आवरणे कठीण झाले. परंतु घरी परतताना मनात आले, की त्या आठवड्यात पाटीचे म्हणणे मानून थांबलेले हे एकटेच गृहस्थ होते!

रत्नागिरीतल्या जुन्या आळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना आमची आळी वेगळी वर्णन करून सांगायला नको. दोन्ही अंगांना जांभ्या दगडाचे पुरुषभर उंचीचे गडगे, पावसाळ्यात त्यांवर चढणारे शेवाळ, गडग्यांच्या आड माडांची व फणसांची दाटी आणि त्या दाटीत लपलेली घरे. रस्ता उताराचा आहे. आणि उतार जेथे संपतो, नेमकी तेथेच खालची वाट येऊन मिळते. गडग्यामुळे एका वाटेने येणाऱ्याला दुसऱ्या वाटेवरचे काहीही दिसत नाही. पूर्वी याची कोणाला अडचण वाटत नसे. बैलगाडीची घुंगरे दुरून ऐकू येत आणि सायकलवाला उतारावर घंटा वाजवीत येई. कान डोळ्यांचे काम करीत. मोटार मात्र घंटेच्या आवाजाआधीच कोपऱ्यावर येऊन पोचते.

वर्षातून दोनदा आमच्या आळीला वेगाचे भरते येते. पहिले एप्रिल-मे महिन्यांत, हापूसच्या हंगामात. दिवसभर पेट्या भरायच्या, संध्याकाळी त्या टेंपोत चढवायच्या आणि रातोरात वाशीच्या बाजारात पोचवायच्या. कारण माल उशिरा पोचला की दर उतरतो. दुसरे भरते भाद्रपदात. मुंबईचे चाकरमानी गणपतीसाठी गावी येतात, आणि हल्ली बहुतेकांजवळ स्वतःची मोटार असते. मुंबई-गोवा महामार्गावरून कित्येक तास वेगाने येऊन ते हातखंब्याला रत्नागिरीकडे वळतात. रस्ता बदलतो, परंतु पायाला लागलेली सवय बदलत नाही. ज्याने दोन-चार तास ताशी ऐंशी किलोमीटरने गाडी चालविली आहे, त्याला पन्नासचा वेग म्हणजे रांगणेच वाटते. हा केवळ उद्दामपणा नव्हे. मनाचा तो एक ठाऊक असलेला भ्रम आहे. म्हणून तर वस्तीत शिरताना डोळ्यांनी वेगमापकाकडे पाहावे लागते, नुसत्या अंदाजावर विसंबून चालत नाही.

२०१७ साली हरतालिकेच्या दिवशी दुपारी आळीतला एक मुलगा, तिसरीत शिकणारा, हातात दूर्वांची परडी घेऊन खालच्या वाटेने वर येत होता. त्याच वेळी उतारावरून एक मोटार आली. पाटीपाशी ती थांबली नाही. पुढचे सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. मुलाची मांडी दोन ठिकाणी मोडली. त्याचा गणपती त्या वर्षी रुग्णालयाच्या खाटेवर गेला. विसर्जनाच्या मिरवणुकीचा ताशा त्याने खिडकीतून ऐकला.

मोटार चालविणारा कोणी परका नव्हता. तीन घरे सोडून राहणाऱ्या एका कुटुंबाचा तो भाचा, सुस्वभावी, शिकलेला. त्यानेच मुलाला उचलून गाडीत घातले आणि रुग्णालयात नेले. संध्याकाळी तो आमच्या ओटीच्या पायरीवर डोके धरून बसला होता. “सर, मला तो दिसलाच नाही हो,” एवढे एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला त्याचे म्हणणे खरे वाटले. गडग्याआडचा मुलगा त्याला दिसणार तरी कसा? दिसत नाही म्हणूनच तेथे थांबायचे असते, हे वाक्य माझ्या ओठांवर आले. पण त्या वेळी ते उच्चारण्याने कोणाचेही भले होणार नव्हते.

हा तरुण परका असता, तर साऱ्या आळीने त्याला धारेवर धरले असते. तो आपला निघाला, त्यामुळे सगळेच गप्प झाले. आळीची वाट परक्या गाडीवाल्यांनी बिघडविली आहे, अशी आम्हां सर्वांची समजूत होती. ती किती खरी आहे हे पाहावे, म्हणून दिवाळीच्या सुटीत आळीतल्या पाच-सहा मुलांना घेऊन मी दोन संध्याकाळी आमच्या ओटीवर वही घेऊन बसलो. कोण थांबतो, कोण नुसताच वेग कमी करतो, कोण तसाच निघून जातो, हे मुले लिहून ठेवीत होती. थोड्याच वेळात एकीने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “सर, हे आमचे काका. यांचे लिहू का?” दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आमच्या वहीत गाड्यांच्या क्रमांकांऐवजी घरांची नावे लिहिण्याची पाळी आली! न थांबणाऱ्यांपैकी बहुतेकांची घरे याच आळीत होती. ते नवल नव्हे. परका माणूस अनोळखी वाटेवर जरा बिचकतो. रोजच्या वाटेवर रोज काही घडत नाही, म्हणून आजही घडणार नाही, असा हिशेब आपलेपणामुळेच मनात तयार होतो.

त्यांतल्या काहींना मी पुढे एकेकटे गाठून विचारले. उत्तर एकच मिळाले, “कोणी येत नव्हते, सर.” हे उत्तर मोठे विचार करण्यासारखे आहे. कोणी येत नव्हते हे त्यांनी कसे पाहिले? जांभ्याच्या गडग्यातून आरपार पाहण्याची दृष्टी अद्याप कोणालाही लाभलेली नाही. खरे असे आहे, की दुसऱ्या वाटेने कोणी येत असेल तर तो थांबेल, यावर त्यांचा भरवसा होता. जो थांबत नाही, तो दुसऱ्याच्या थांबण्यावर उधारीने जगत असतो. आणि ज्याच्यावर ही उधारी चढते, तो बहुधा पायी चालणारा असतो. परडी घेतलेला, काठी टेकणारा किंवा खेळात रमलेला.

मुलांना याचा हिशेब प्रत्यक्ष दाखवावा, म्हणून एका रविवारी सकाळी, रहदारी नसताना, आम्ही खडू व मापाची फीत घेऊन रस्त्यावर उतरलो. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातोच. मग कोरड्या रस्त्यावर, ब्रेक उत्तम असल्यास, आणखी ५ मीटर गेल्यावर ती थांबते. म्हणजे एकूण १३ मीटर. आम्ही गडग्याच्या कोपऱ्यापासून १३ मीटरांवर रेघ मारली. आता वेग दुप्पट, म्हणजे ताशी ६० घ्या. “२६ मीटर!” असे सगळी मुले एका सुरात ओरडली. तसे नसते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. पहिल्या सेकंदाचे जवळजवळ १७ मीटर आणि नंतरचे २० मीटर मिळून ती मोटार सुमारे ३६-३७ मीटरांवर थांबते. दुसरी रेघ पार चौथ्या घराच्या बेड्यापाशी गेली. मुले बराच वेळ त्या दोन रेघांमध्ये येरझारा घालीत राहिली. मग एक मुलगा पहिल्या रेघेवर उभा राहून म्हणाला, “म्हणजे मी इथे असलो, तर साठच्या गाडीने ब्रेक दाबायच्या आतच मला धडक बसणार.” त्याचा हिशेब बरोबर होता. पहिले १३ मीटर तर त्या गाडीने विचार करण्यातच घालविलेले असतात.

त्या दोन रेघा पुढच्या पावसापर्यंत टिकल्या आणि माझ्या कोणत्याही बोलण्यापेक्षा त्यांनी अधिक काम केले. आळीची बैठक भरली तेव्हा एक आंबा-व्यापारी स्पष्टच म्हणाले, “सर, तुमचे गणित ठीक आहे, पण वाशीला माल वेळेवर पोचला नाही तर नुकसान आमचे.” त्यांचे म्हणणे पोटतिडकीचे होते. मी एका मुलीला फळ्यापाशी बोलाविले. आमची आळी सुमारे ४०० मीटर लांब आहे. ताशी ३० च्या वेगाने ती ओलांडायला ४८ सेकंद लागतात, ६० च्या वेगाने २४. वाचले किती? चोवीस सेकंद. रात्रभराच्या प्रवासात चोवीस सेकंद! व्यापारी थोडे हसले आणि म्हणाले, “एवढ्यात एक आंबासुद्धा पेंढ्यात नीट बसत नाही.” दुसऱ्या दिवसापासून त्यांचे टेंपो पाटीपाशी थांबू लागले.

आळीतल्या तरुणांना मात्र इतका संथ उपाय पसंत नव्हता. त्यांनी एका रात्रीत सिमेंटचा उंच, अरुंद गतिरोधक बांधून टाकला. सकाळी पहिला बळी दूधवाला ठरला. सायकलसकट पडला आणि सारे दूध उतारावरून वाहत गेले. गतिरोधकाचेही शास्त्र असते. आपल्या देशात रस्त्यांची मानके ठरविणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचा गोलाकार उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि केवळ १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने गाडी त्यावरून सुखाने जाते. आमच्या तरुणांचा उंचवटा म्हणजे आडवी ठेवलेली भिंत होती. तो काढावा लागला, हे योग्यच झाले.

या पाटीचा इतिहासही मौजेचा आहे. १८६५ साली इंग्लंडात असा कायदा झाला, की यंत्राने चालणाऱ्या गाडीपुढे एका माणसाने तांबडे निशाण घेऊन चालावे, आणि गावात गाडीचा वेग ताशी दोन मैलांहून अधिक नसावा. १८९६ च्या कायद्याने हलक्या मोटारी त्यातून सुटल्या. पुढे अमेरिकेत डेट्रॉइट शहरी १९१५ साली थांबण्याची पहिली पाटी लागली. १९२३ च्या सुमारास तिला अष्टकोनी आकार ठरविण्यात आला, आणि आज आपण पाहतो तो तांबडा रंग तिकडे १९५४ साली आला. त्यापूर्वी ती पिवळी असे, कारण ऊन-पावसात टिकणारा तांबडा रंगच मिळत नव्हता. अष्टकोनी आकाराचा लाभ असा, की रात्री अक्षरे दिसली नाहीत किंवा पाटी मागून पाहिली, तरी ती कोणती हे ओळखता येते. निशाण घेऊन चालणाऱ्या माणसाची जागा या मुक्या पाटीने घेतली. पण माणसाप्रमाणे ती गाडीच्या आडवी मात्र येऊ शकत नाही.

निशाणाची हकीकत ऐकून आमच्या मुलांनी हट्ट धरला, की गणपतीच्या दिवसांत आपणच तांबडी निशाणे घेऊन तिठ्यावर उभे राहू. मी त्यांना साफ नकार दिला. रस्त्यात उभे राहून गाड्या थांबविणे हे मुलांचे काम नव्हे. त्यांनी घरी बसून दुसरे काम केले. गणपतीपूर्वी मुंबईच्या नातलगांना निरोप जातातच, त्या प्रत्येक निरोपाखाली मुलांनी आपल्या हाताने एक ओळ घातली, “आळीत शिरताना वेग वीस, आणि पाटीपाशी पूर्ण थांबा. आम्ही बाहेर खेळत असतो.” काकांना पोलिसाने सांगितले तर काका चिडतात, पुतणीने लिहिले तर चिडायचे कोणावर?

मुलांनो, तुमच्या वयाला लागून असलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आठवी-नववीतली काही मुले वडिलांची दुचाकी घेऊन शिकवणीला जातात आणि घरचे लोक कौतुकाने पाहतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली सुधारणा झाली. तिच्यानुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहन चालविण्याचा गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत चालकाचा परवाना मिळत नाही. कायदा इतका कठोर का झाला असावा? २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, आणि सरकारी अहवालाप्रमाणे त्यांतले दहापैकी सात मृत्यू अतिवेगामुळे झाले.

मांडी मोडलेला तो मुलगा आता मोठा झाला आहे. पावसाळ्यात पाय दुखतो म्हणतो, पण धावतो. त्याला धडक देणारा तरुण दर गणपतीला येतो. गेल्या वर्षी मी पाहिले, त्याने गाडी आळीच्या वरच्या तोंडाशीच उभी केली आणि सामान डोक्यावर घेऊन तो घरापर्यंत चालत आला. त्याला तसे कोणीही सांगितले नव्हते.

सध्या आम्हांला प्रश्न पडला आहे तो घरपोच वस्तू आणून देणाऱ्या दुचाकीस्वारांचा. ती मुले वेळेच्या दावणीला बांधलेली. दर महिन्याला नवी. त्यांचे काका-मामा आमच्या आळीत नाहीत, त्यामुळे निरोपाखालची ओळ त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तिठ्यावरच्या घरातल्या माईंनी आपल्यापुरता उपाय काढला आहे. पाटीपाशी दुचाकी हळू झाली, की त्या गडग्यावरून हाक मारतात, “अरे बाळा, ऊन किती आहे! घोटभर सरबत घे, मग जा.” पेला रिकामा होईपर्यंत त्या त्याचे नाव-गाव विचारून घेतात, आणि दुसऱ्या खेपेस तो मुलगा आपण होऊन थांबतो, असे त्यांचे म्हणणे आहे. अमृतकोकमाची बरणी श्रावणापर्यंत पुरेल की नाही, एवढीच त्यांना काळजी आहे.