टेबल माउंटनच्या उतारावर एक रविवार

केपटाऊनला सगेसोयरे असलेली घरं आपल्या कोकणात कमी नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांमधून शंभर वर्षांपूर्वीच माणसं बोटीनं तिकडे गेली. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून कोकणी आहे. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊही लहानपणी गेले ते तिथलेच झाले. त्यांचे मुलगे म्हणजे आमचे चाचा. त्यांच्याकडच्या लग्नासाठी आम्ही 2018 च्या मार्चमध्ये केपटाऊनला गेलो. लग्न आटोपलं आणि परतायला चार दिवस उरले, तेव्हा चुलतभावानं विचारलं, "रविवारी डोंगरावर सायकलची शर्यत बघायला येताय का?"

शर्यतीचं नाव केप एपिक. 2004 पासून ही शर्यत होते, बहुतेक वर्षी मार्चमध्ये. डांबरी रस्त्यावरची नव्हे, तर दगडधोंड्यांच्या, मातीच्या पायवाटांवरची. आठ दिवस चालते. त्या वर्षी एकूण अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या वर होतं आणि चढ सगळा मिळून तेरा हजार मीटरहून अधिक, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ दीडपट. पहिला दिवस मात्र छोटा, फक्त 20 किलोमीटरचा, आणि तो केपटाऊन विद्यापीठाच्या मैदानातून सुरू होऊन डोंगराच्या उतारावरून फिरणार होता. शहरातल्या माणसांना घरच्या डब्यासह बघता येईल असा हाच दिवस. बघायला तिकीटही नव्हतं.

अम्मींनी आधी नाक मुरडलं. परक्या ठिकाणची गर्दी, गाणीबजावणी, घट्ट कपडे घातलेले स्पर्धक, आणि डोंगराचं नाव काय तर डेव्हिल्स पीक! नावाचा अर्थ कळताच त्यांनी 'लाहौल' पढली. चाचींनी मात्र शांतपणे डबे भरायला घेतले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मैदानातल्या तंबूंपाशी, लाउडस्पीकरजवळ उभं राहायची सक्ती कुणी केली आहे? वर झाडीत जाऊन बसू. आम्हाला हे पटलं. मुलांना घेऊन कुठं जावं याचा विचार करताना आपण बहुतेक वेळा 'जावं की नाही' एवढंच विचारतो. तिथं गेल्यावर नेमकं कुठं बसायचं, हे ठरवलं की अर्ध्या अडचणी मिटतात.

सकाळी सातला निघालो. विद्यापीठाच्या वरच्या अंगाला रोड्स मेमोरियल नावाचं दगडी स्मारक आहे. त्याच्या परिसरात छत्रीसारख्या शेंड्यांचे मोठे पाइन वृक्ष. तिथून थोडं चढून एका पायवाटेच्या वळणावर चटया पसरल्या. खाली अख्खं केप फ्लॅट्सचं सपाट मैदान आणि पार पलीकडे निळसर डोंगररांग. रायलँड्समधलं चाचांचं घरही त्या सपाटीतच कुठंतरी.

जागा चढावर निवडली होती, हे भावाचं शहाणपण. उतारावर स्पर्धक डोळ्यांसमोरून सटकून जातात, चढावर मात्र माणूस दिसतो. त्याचा घाम, ताणलेल्या पोटऱ्या, दातांत धरलेला श्वास, सगळं दिसतं. लहान मुलांनाही तिथंच धोका कमी. तरी वाट ओलांडायची ती स्वयंसेवकानं हात केल्यावरच, असा दम मुलांना दिला होता.

स्पर्धक एकदम सुटत नाहीत. एक जोडी निघते, थोड्या वेळानं दुसरी, असं सकाळभर चालू राहतं. होय, जोडीच. एकट्यानं या शर्यतीत नाव घालता येत नाही. दोघांनी मिळून आठही दिवस काढायचे आणि दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. पडलं तर वेळेची शिक्षा होते. जोडीदारानं मध्येच शर्यत सोडली तर उरलेल्याला पुढं जाता येतं, पण जोडीच्या निकालात त्याचं नाव लागत नाही. हा नियम कळला आणि आमचं बघणंच बदललं. तोवर मुलं पुढच्याला टाळ्या वाजवत होती, आता मागच्याला वाजवू लागली.

पन्नाशीपलीकडचे दोघे आले. पुढचा तगडा, मागच्याचा चेहरा लालबुंद. वळणावर पुढच्यानं मागं वळून पाहिलं, वेग कमी केला आणि काही न बोलता आपली पाण्याची बाटली मागं धरली. मागच्यानं ती घेतली नाही, नुसती मान हलवली. मग दोघे तसेच पुढं गेले. अम्मी बराच वेळ त्या दिशेनं पाहत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ असतील." नसावेत. पण आम्ही काही बोललो नाही.

लंडन ऑलिंपिकमध्ये 2012 साली सुवर्णपदक जिंकलेला चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावीही त्या दिवशी धावत होता. मुलांनी त्याला पाहिलं म्हणे. आम्ही डब्यातून कोएसिस्टर काढण्यात गुंतलो होतो. पाकात घोळवून वर खोबरं भुरभुरलेला हा तळलेला पदार्थ केपच्या मुसलमान घरांत रविवारी सकाळी हवाच. सोबत चाचींच्या हातची घावनं आणि कोलंबीचं सुकं. आठ हजार किलोमीटर लांब बसून चिपळूणची चव!

खाणं झाल्यावर चाचा काठी टेकत थोडे पुढं गेले आणि खालच्या विद्यापीठाच्या लाल कौलांकडे पाहत उभे राहिले. त्यांच्या तरुणपणी वर्णभेदाचं राज्य होतं. 1959 च्या कायद्यानं काळ्या आणि हिंदी मुलांना या विद्यापीठात शिकायचं तर मंत्र्याची परवानगी लागायची. चाचांना ती मिळाली नाही. हिंदी मुलांसाठी दूर डर्बनच्या बंदरातल्या सॅलिसबरी बेटावर, नौदलाच्या जुन्या बराकींत वेगळं कॉलेज काढलं होतं, तिथं ते गेले. घर रायलँड्सला, तेही पसंतीनं नव्हे. कोणत्या वर्णाच्या माणसांनी कुठं राहायचं हे सरकार ठरवायचं, आणि रायलँड्स हिंदी लोकांच्या वाट्याला आलेलं. ज्या ऱ्होड्सच्या नावाचं ते स्मारक, त्याचा पुतळा विद्यार्थ्यांनी आंदोलन केल्यावर 2015 च्या एप्रिलमध्ये विद्यापीठातून हलवला गेला. "पुतळा नेला त्या दिवशी मी आलो नव्हतो," चाचा म्हणाले. "गर्दीत उभं राहवत नाही. आज नातवंडांबरोबर आलो, बरं वाटलं."

जोहरची वेळ एकच्या सुमारास झाली. त्या वर्षी केपटाऊनमध्ये भीषण दुष्काळ होता. फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला 50 लिटर पाणी, त्यात आंघोळ, स्वयंपाक, कपडे सगळं. नळ कोरडे पडण्याच्या दिवसाला लोकांनी 'डे झिरो' असं नाव दिलं होतं. भावानं न्यूलँड्सच्या झऱ्यावर रांगेत उभं राहून भरलेला डबा बरोबर आणला होता. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण लिटरमध्ये वजू करत, ही हदीस आम्ही वर्गात कितीदा शिकवली असेल. त्या दिवशी प्रत्येकानं अर्ध्या लिटरच्या बाटलीत वजू केला आणि तळाशी घोट-दोन घोट उरलंही. किब्ला तिथं उत्तरेला, किंचित पूर्वेकडे. आपल्याला पश्चिमेची सवय, आणि दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. नमाजेला उभे राहिलो तर ऊन थेट चेहऱ्यावर! आमच्या धाकट्याला हे फार नवल वाटलं. सलाम फिरवल्यावर त्यानं आपली सावली दक्षिणेला पडलेली सगळ्यांना दाखवली. चाकांची करकर बाजूला चालूच होती. एका स्वयंसेवकानं आमच्यासमोरून जाणाऱ्या प्रेक्षकांना खुणेनं दुसऱ्या बाजूनं वळवलं.

राहता राहिली गोष्ट मुलींची. भावाची मुलगी तेरा वर्षांची. स्कार्फवर हेल्मेट, अंगात गुडघ्याखाली येणारा सैल सदरा, खाली पायजमा, अशी ती रविवारी वडिलांबरोबर सायकल चालवते. आपल्याकडे सातवी-आठवीत आल्यावर मुलीची सायकल पडवीत उभी राहते आणि चाकांतली हवा कधी गेली ते कुणी विचारत नाही. शाळेत हे आम्ही दरवर्षी बघतो. या शर्यतीत बायकांच्या जोड्याही होत्या, आणि पहिल्या येणाऱ्या जोडीला पुरुषांएवढंच बक्षीस. त्यातली डेन्मार्कची अनिका लांगवाड दंतवैद्यकाचं शिक्षण घेतलेली, हे पुतणीनंच सांगितलं. अम्मींनी तिला जवळ बसवून विचारलं, "चढावर दमत नाहीस?" ती म्हणाली, "दमते ना दादी. मग अब्बू थांबतात." अम्मी हसल्या. मग आमच्या मुलीकडे पाहून म्हणाल्या, "हिची सायकल गावी आहे ना अजून?"

आठवडाभरानं निकाल लागला तेव्हा आम्ही घरी परतलो होतो. पुरुषांत कुल्हावी आणि अमेरिकेचा हॉवर्ड ग्रॉट्स, बायकांत लांगवाड आणि अमेरिकेची केट कोर्टनी. त्याच सप्टेंबरात कोर्टनी विश्वविजेती झाली, तेव्हा पुतणीनं फोनवर आमच्या मुलीला ती बातमी सांगितली. मुलगी फोनवर आली तेव्हा धापा टाकत होती. नुकतीच मशिदीमागचा चढ चढून आली होती.