भाव कोण ठरवितो ?

शेअरबाजाराविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला, असें वाचकांनीं विचारल्यास आमच्यापाशीं एकच उत्तर आहे : आम्ही त्यांत पोळलों आहों. ताक फुंकून पिणाऱ्याइतकें दुधाचें वर्णन दुसरा कोण करणार ?

आमचे वडील कारकून होते. पगारांतून थोडेथोडे मागें टाकून त्यांनीं एका कारखान्याचे कांहीं शेअर घेतले आणि ते कागद देव्हाऱ्याखालच्या पेटींत ठेविले. ‘शेअर म्हणजे कारखान्यांतली आपली वीट,’ असें ते म्हणत. दरवर्षीं लाभांश येई, त्यांत दिवाळीचा खर्च भागे. भाव काय चालला आहे हें ते क्वचितच पाहत. त्यांच्या पश्चात् ते शेअर आमच्या नांवें झाले; पुढें कागद जाऊन डीमॅट खात्यांतले आंकडे उरले. कन्येच्या उच्च शिक्षणासाठीं ते राखून ठेवावे, असें घरांत ठरलें.

वारशानें शेअर मिळाले, वडिलांचा स्वभाव मात्र मिळाला नाहीं. खिशांतल्या मोबाइलवर क्षणोक्षणीं भाव दिसूं लागला आणि आमची नाडी त्याच्या तालावर चालूं लागली. २३ मार्च २०२० रोजीं महामारीच्या भयानें सेन्सेक्स ३,९३४ अंशांनीं, म्हणजे शेंकडा तेरांहून अधिक घसरला. सकाळीं शेंकडा दहाची घसरण होतांच पाऊण तास व्यवहार थांबविण्यांत आले होते. हा वेळ लोकांनीं विचार करावा म्हणून असतो. आम्हीं तो घाबरण्यांत घालविला आणि बाजार पुन्हा उघडतांच सारे शेअर विकून टाकले. ‘अहो, पण कारखाना बुडाला का ?’ एवढेंच आमच्या कुटुंबानें विचारलें. ‘भाव पडला,’ यापलीकडे आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

भाव म्हणजे तरी काय ? अमुक दरानें घेतों म्हणणारा आणि तमुक दरानें देतों म्हणणारा यांचें जेथें जुळलें, तो शेवटचा सौदा म्हणजे भाव. पूर्वीं दलाल स्ट्रीटवर दलाल हें ओरडून जुळवीत. १९९५ पासून तेंच काम तेथें संगणक मुकाट्यानें करूं लागला. घेणाऱ्यांहून देणारे उतावीळ झाले कीं भाव उतरतो, उलट झालें कीं चढतो. या उतावळेपणाला कारणें असतात : कंपनीच्या पुढील नफ्याचा अंदाज, व्याजाचा दर, परदेशी पैशाची येजा. परंतु इतरांस उद्यां काय वाटेल याची प्रत्येकाला आज जी धास्ती वाटते, ती या सर्वांवर मात करते.

हें आजचें नव्हे. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. तो पैसा शेअरांत शिरला. समुद्र हटवूं म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीच्या पांच हजारांच्या शेअरला लोक कितीतरी पट रक्कम मोजूं लागले. जमीन अजून पाण्याखालीं होती. भाव आशेला आला होता. १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापूस उतरला आणि सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही त्याखालीं सांपडला.

आमचें झालें तें याच्या उलट. त्याच २०२० च्या नोव्हेंबरांत निर्देशांक महामारीपूर्वींच्या उच्चांकापलीकडे गेला. आमचा कारखानाही चालूच होता. तो बुडाला असता तर आम्हीच शहाणे ठरलों असतों, हेंही खरें. पण तें शहाणपण आमचें नसतें, दैवाचें असतें. कन्येनें शिक्षणासाठीं बँकेचें कर्ज काढलें. आज तिच्या पगारांतून त्याचा हप्ता जातो. तिनें आम्हांस कधीं दोष दिला नाहीं. एकदां मात्र सहज विचारलें, ‘बाबा, त्या दिवशीं आपले शेअर घेतले कोणीं ?’

हा प्रश्न आमच्या मनांत कधीं आलाच नव्हता. ‘सारेच विकत होते’ असें आम्ही इतके दिवस सांगत आलों. पण घेणारा नसता तर आमचें विकलें कसें जातें? त्याच सकाळीं, तींच भयंकर वर्तमानें ऐकून, कोणी अनोळखी माणसानें आमच्या वडिलांची वीट उचलली. भाव बाजारानें ठरविला; त्या भावाला ती वीट द्यावी, हें मात्र आम्हींच ठरविलें.