घाट चढून आल्यावर

कर्जतला गाडी थांबते आणि काही मिनिटांनी मागच्या डब्यांना एक हलका धक्का बसतो. रोजचा प्रवासी डोळेही उघडत नाही. त्याला कळलेलं असतं, बँकर लागले. घाट चढायला मागून रेटा देणाऱ्या या जादा इंजिनांना रेल्वेत बँकर म्हणतात. मग पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल. बोगद्यामागून बोगदा. पावसाळ्यात बोगद्याच्या तोंडाशी कड्यावरून पडणारी धार खिडकीतून मांडीवर येते आणि डब्यातली पोरं ओरडतात. लोणावळ्याला बँकर सुटतात, गाडी जरा वेळ दम खात उभी राहते, आणि फलाटावर चिक्कीवाल्यांचे आवाज सुरू होतात.

ही चिक्की मुळात गुडदाणी. गूळ आणि शेंगदाणे. घाटात रूळ टाकणाऱ्या मजुरांच्या पोटाला ती आधार होती, असं लोणावळ्यात सांगतात. त्या मजुरांची आठवण इथं पहिल्या घासालाच यावी हे योग्यच आहे. बोरघाटातला लोहमार्ग सात वर्षं खपून १८६३ मध्ये पुरा झाला. पंचवीस बोगदे. पटकीनं, तापानं, सुरुंगांनी माणसं हजारोंनी गेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिनं ठेका सोडला नाही, जाणती माणसं नेमून काम तडीला नेलं. तिचं नाव निदान पुस्तकांत सापडतं. पाट्या वाहणाऱ्यांची नावं कुठंच नाहीत.

लोणावळ्यात उतरलेल्या पाहुण्याला सगळे पॉइंट सांगतात. टायगर पॉइंट, लायन पॉइंट, नागफणी, भुशी, संध्याकाळी चिक्कीचं दुकान, आणि परत. रविवार संपतो, त्यातला निम्मा गाडीत बसूनच. कड्यावरून दरी पाहण्यात सुख आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण या मुलखाचा जीव वाटेत आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल बोरघाट चढून इथं येई आणि पुढं देशावर तेरपर्यंत जाई. दोन हजार वर्षं माणसं या वाटेनं गेली. त्यांतली काही थांबली, आणि थांबून काहीतरी ठेवून गेली. मावळ पाहायचं तर ते ठेवलेलं पाहावं. त्यासाठी लोणावळ्यात उतरल्यावर बाजाराकडं न वळता पुण्याची लोकल धरावी आणि पुढच्याच स्टेशनावर, मळवलीला उतरावं.

मळवलीहून द्रुतगती मार्ग ओलांडला की भाजे. पायऱ्या चढून गेलं की बावीस लेण्यांची रांग, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची. चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत. लाकडी घराचे खांब भार पेलताना असे कलते ठेवत. दगडाला त्याची गरज नव्हती, पण कोरणाऱ्यांच्या हाताला तीच सवय होती. शेवटच्या बाजूच्या विहारात एका बाईच्या हाताखाली दोन तालवाद्यं आहेत आणि शेजारी दुसरी नाचते आहे. तबलावादक हे शिल्प पाहायला मुद्दाम येतात. रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्रही तिथंच. त्यांच्या ओळखीबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, पण रथाखाली चिरडला जाणारा आडदांड देह पाहताना त्या वादाची आठवण राहत नाही.

भाज्याहून गायमुख खिंडीत गेलं की एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. लोहगडाचे चार दरवाजे नागमोडी चढात एकावर एक येतात: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वर गेल्यावर विंचूकाटा माचीची लांबच लांब सोंड ढगात शिरलेली दिसते. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा ठरले, त्यांत लोहगड आहे. पॅरिसला जाणारा मराठी माणूस आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी महिनाभर आधी संगणकापुढं बसतो. लोहगडाच्या पायऱ्यांना त्याच्या आयुष्यातली एक सकाळ पुरते. ती त्यानं द्यावी.

आणि मग कार्ला. इथं घाई करू नये.

पायथ्याच्या गावाचं नाव वेहेरगाव. विहाराचं गाव ते वेहेरगाव, अशी त्याची फोड सांगतात. वर जाताना पायऱ्यांवर नारळ, हळदकुंकू, फुलांच्या वेण्या आणि कोळीवाड्यांतून आलेल्या माणसांची रांग. आई एकवीरा कोळ्यांची कुलदेवता, तशीच अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचीही. तिचं देऊळ थेट चैत्याच्या दारासमोर आहे. लेण्यासाठी आलेल्यांना गर्दीचा त्रास होतो, देवीला आलेले लेण्याकडं उभ्या उभ्या पाहून निघतात. दोघांनीही थोडं थांबावं. समुद्राकाठचा माणूस दरवर्षी घाट चढून इथं येतो, ही या वाटेची सगळ्यांत जुनी आणि अजून जिवंत असलेली रीत आहे.

चैत्य सव्वाशे फुटांच्या आसपास लांब. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, बिनकोरीव. मान वर केली की छतावर सागवानी फासळ्या दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड. कातळ कशावरही तोलायचा नव्हता, तरी त्यांनी फासळ्या बसवल्या. घर म्हणजे लाकडाचं, ही ओळख दगडातसुद्धा मोडवली नसावी. स्तूपावरची छत्रीही लाकडाचीच. पाच मिनिटं अंधाराला डोळे दिले की फासळ्यांचे कंगोरे एकेक करून दिसू लागतात.

भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत. ती वाचता येत नसली तरी त्यांत काय लिहिलंय हे ठाऊक असलं की सगळा मंडप बोलू लागतो. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा शेठ भूतपाल सांगतो की, जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह त्यानं पुरं करवलं. एक खांब सोपाऱ्याच्या भिक्षूचा. कित्येक खांब धेनुकाकट या गावच्या यवनांचे, म्हणजे परदेशी मुळाच्या लोकांचे. हे धेनुकाकट नेमकं कुठं, याचा वाद अजून मिटलेला नाही. दाराचा खर्च सिंहदत्त नावाच्या गंध्यानं, सुगंधी द्रव्यं विकणाऱ्यानं दिला. आणि ते घडवणारा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. शेठजींच्या बरोबरीनं सुताराचं नाव दगडात राहिलं आहे. बोरघाटातल्या मजुरांची नावं पुसली गेली, म्हणून सामीचं नाव जास्तच मोलाचं वाटतं.

याच कार्ल्याच्या परिसरात ४ जानेवारी १७७९ रोजी इंग्रजांचा कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठ्यांनी त्याच्या शौर्याला दाद देऊन त्याचं नाव इष्टुर फाकडा करून टाकलं. इंग्रजांची फौज घाट चढून पुण्यावर निघाली होती. मराठ्यांनी तळेगाव रिकामं करून जाळलं, फौजेला दाणा मिळू दिला नाही. परत फिरताना इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि वडगावात महादजी शिंद्यांच्या कोंडीत सापडून तह केला. वाट अडवणं म्हणजे काय, हे मावळानं तेव्हा दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पवन मावळात उतरावं. बेडसे लेणी तिथंच आहेत. गर्दी नाही, विक्रेते नाहीत. दाराशी उंच खांब, त्यांच्या माथ्यावर हत्तीघोड्यांवर बसलेली जोडपी, आणि एक लेख: नाशिकच्या आनंद शेठच्या मुलाचं, पुष्पणकाचं दान. नाशिकचा माणूस, मावळातला डोंगर. सकाळी लवकर गेलं तर पूर्वेचं ऊन सरळ त्या खांबांवर येतं.

जुलैमध्ये बेडशाच्या खालची खाचरं चिखलणी होऊन लखलखत असतात. बाया एका रांगेत वाकून मागं मागं सरकत लावणी करतात. रोपांच्या मुठी बांधावरून चिखलात भिरकावल्या जातात, चपक असा आवाज होतो. पूर्वी पाठीवर इरलं असे, आता प्लास्टिकचा कागद. पाहुण्यानं फोटोसाठी बांध तुडवू नये. एक बांध फुटला की खाचरातलं पाणी उतरतं. इथलं वाण इंद्रायणी. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ते आलं, आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती पडलं. आंबेमोहोराचा वास राहिला आणि उताराही वाढला. नवा इंद्रायणी चिकट होतो, वरण नसलं तरी नुसत्या तुपाबरोबर घास जातो. जुना मोकळा होतो. मावळातून घरी न्यायची खरी वस्तू हीच: ओळखीच्या शेतकऱ्याकडचा, गावच्या गिरणीत भरडलेला तांदूळ.

पवना धरणाच्या काठावर हल्ली तंबू लागतात. पाण्यात तारे पाहत रात्र काढणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असायला हवी. या धरणाचं पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याविरुद्ध शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या डोळ्यांना हे तळं वेगळं दिसतं.

पाण्याबद्दल आणखी बोलायला हवं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भुशी धरण मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं. त्याच्या पायऱ्यांवर भिजायला माणसं लोटतात. ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलं होती. पुढच्या वर्षी, १५ जूनला, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला. ओढ्यात पाणी गुडघ्याएवढं दिसतं. वर डोंगरात एक सर जोरात आली की तेच पाणी क्षणात छातीला लागतं. गावची म्हातारी माणसं पाण्याचा रंग गढूळ झाला की मुलांना हाक मारून बाहेर काढतात. परक्या गावच्या पाहुण्याला ही हाक कोण मारणार? म्हणून पावसात धबधबा लांबून पाहावा. लांबून तो कमी सुंदर दिसत नाही.

शेवटची रात्र राजमाचीला. तुंगार्लीवरून निघणारी मातीची वाट रानातून उधेवाडीला जाते. पायी निघालेल्यानं सकाळीच निघावं. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, खाली तळं, तळ्याकाठी महादेवाचं देऊळ. तळेगावात राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी याच माचीवर घडवली. ती वाचून इथं येणारे आजही भेटतात.

मे संपता संपता, पहिल्या वळवानंतर, उधेवाडीच्या रानात काजवे येतात. बॅटरी बंद करावी, मोबाइल खिशात ठेवावा. आधी काहीच दिसत नाही. मग एक झाड लुकलुकतं, त्याला उत्तर दिल्यासारखं शेजारचं, आणि बघता बघता सगळा उतार एका लयीत उजळतो, विझतो. समोर उल्हास नदीच्या दरीपलीकडं काळा कडा असतो, त्याच्या अंगावरून दिव्यांची एक ओळ हळूहळू वर सरकते. रात्रीची गाडी घाट चढते आहे. पुढच्या इंजिनाची शिट्टी येते, आणि तिच्या मागोमाग, जराशी उशिरा, मागच्या बँकरांची.