शून्यालगतचं टोक

पऱ्हाटीच्या कोळशाची भुकटी तोलताना हल्ली माझा हात कापतो. निम्मी काट्याबाहेर सांडते. म्हणून वजनं आता विद्यार्थिनी करते, आणि करता करता प्रश्न विचारते. "सर, आपलं पाणी नेहमी डिस्टिल्डच का?"

तिनं अरुणावतीचं पाणी आणलं. त्यात एस्ट्राडायोल हा हार्मोन घालून रात्रभर कोळशासोबत शेकरवर ठेवलं. डिस्टिल्डमध्ये ऐटीत मिरवणाऱ्या माझ्या कोळशानं नदीच्या पाण्यात मान टाकली.

कारण ठाऊकच होतं. हार्मोनचा रेणू तेलकट, पाण्याचं त्याला वावडं. एरवी तो आपणहून कोळशाला चिकटतो. पण नदीत कुजलेल्या पाल्याची आम्लं लिटरला मिलिग्रॅमनं, हार्मोन नॅनोग्रॅमनं. रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत उशिरा पोचलेल्या माणसासारखी त्याची गत: कोळशाच्या छिद्रांच्या तोंडाशीच गर्दी.

बरं, आमच्या यूव्ही यंत्राला २८० नॅनोमीटरवर दिसतात तेही मिलिग्रॅमच. नॅनोग्रॅमसाठी मास स्पेक्ट्रोमीटर हवा. तो तालुक्याच्या गावी कुठला! म्हणजे प्रयोग दहा लाख पट दाट द्रावणावर करायचा आणि प्रस्तावनेत मासे वाचवायचे. कॅनडातल्या ओंटॅरिओत २००१ ते २००३ दरम्यान एका तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं एथिनिलएस्ट्राडायोल सोडलं होतं, लिटरला जेमतेम ५-६ नॅनोग्रॅम. तिथले फॅटहेड मिनो मासे जवळजवळ संपले. आणि आम्ही? कोळसा किती हार्मोन धरतो ते दाखवणारा लँगम्युअरचा आलेख वर जाऊन जिथं सपाट होतो, तो आकडा मिरवतो. पाण्यातला हार्मोन मात्र शून्यालगतच्या टोकाला असतो, आणि तिथं आमच्याकडे एकही बिंदू नाही. त्यात फिल्टर पेपर आणि प्लास्टिकची बाटलीही थोडा हार्मोन गिळतात. कोळसा न घातलेला कोरा नमुना ठेवला नाही तर तेही श्रेय कोळशाच्या खात्यात.

ग्राफीनवाले आमच्या पऱ्हाटीला हसतात. हसोत. स्वित्झर्लंडनं २०१६ पासून कायद्यानं सांडपाण्याची निवडक केंद्रं सुधारायला घेतली, तिथं ओझोन नाहीतर सक्रिय कोळसाच बसतोय. मला राग आहे तो आमच्याच लोकांचा. मिथिलीन ब्लूचा निळा रंग उडाला की पेपर छापला! माझेही त्यात आहेत, आणि त्यांच्या प्रती मी पाहुण्यांना दिसतील अशा ठेवतो.

तक्ता तिनं मांडला: नदीचा आकडा वर, डिस्टिल्डचा खाली. ती जेवायला गेल्यावर मी ओळींची अदलाबदल केली. आल्यावर तिनं काही न बोलता त्या पुन्हा बदलल्या.