रक्त परत सुरू झाल्यावर

अण्णा रेल्वेत गार्ड होते, दौंडातूनच निवृत्त झाले. दुखणं अंगावर काढणारा माणूस. ते पहाटे पोट धरून गडाबडा लोळायला लागले, तेव्हाच आई म्हणाली, "हे गॅसचं नाही." तरी कुणी ओवा आणला, कुणी ॲसिडिटीची गोळी.

आमच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. मऊ. मग नाडी धरली ती बराच वेळ सोडलीच नाही. ठोके कसेही पडत होते. "पोट एवढं मऊ, कळा एवढ्या आणि नाडी अशी! हृदयातली गुठळी आतड्याच्या धमनीत अडकली असणार. इथे वेळ घालवू नका. पुण्याला न्या, सीटी अँजिओग्राफी करा. पाच-सहा तासांत आतडं मरायला लागतं."

पाटस, यवत, उरुळी. उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत रांगत होती.

स्कॅनमध्ये लहान आतड्याची मुख्य धमनीच तुंबलेली निघाली. लगेच रक्त पातळ करणारं हेपॅरिन सुरू झालं, ऑपरेशनही झालं. गुठळी काढली म्हटल्यावर मी घरी फोन लावायला निघालो, तर सर्जन म्हणाले, "थांबा, खरी काळजी आता."

रक्त थांबल्यावर आतड्याचं आतलं अस्तर आधी झडतं. रक्त परतलं की त्यातल्याच ऑक्सिजनपासून घातक रेणू तयार होतात आणि सूज वाढते. झडलेल्या अस्तरातून जंतू नि विष रक्तात उतरतात. मग फुप्फुसं आणि किडन्याही बसू शकतात. हे मी नंतर वाचलं. 1981 साली ग्रेंजर, रुटिली आणि मॅककॉर्ड यांनी मांजराच्या आतड्यावर प्रयोग करून या रेणूंचा हात दाखवून दिला होता. प्राण्यांमध्ये पुढे बरीच औषधं लागू पडली. माणसासाठी खात्रीचं म्हणावं असं त्यातलं एकही अजून आलेलं नाही. एवढं विज्ञान पुढे गेलं म्हणतात, आणि आयसीयूत शेवटी भिस्त कशावर? सलाइन, ऑक्सिजन, अँटिबायोटिक यांवर. बीपी वाढवायचं औषधही हात राखून, कारण त्यातली काही आतड्याच्या रक्तवाहिन्याच आवळतात.

सिस्टर दर तासाला लघवीच्या पिशवीवरचा आकडा लिहून घ्यायच्या. आई बाहेरून विचारायची, "किती झाली?" आकडा वाढला की तिचा चहा घशाखाली उतरायचा.

काळा पडलेला भाग पहिल्याच वेळी कापला होता, पण टोकं जोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा उघडलं. जांभळट, शंकेचा एक तुकडा गुलाबी झाला होता, दुसरा गेला. तो काढून मगच जोडणी झाली. पहिल्याच दिवशी सगळं शंकास्पद आतडं काढून टाकलं असतं, तर अण्णांचं अन्न जिरायचीच पंचाईत होती.

आता रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये हवा. पालेभाजीने तो हलतो; तरी ती बंद नाही, फक्त रोज साधारण सारखी खायची. पण अण्णांना मेथी दिसली की वाटीचं माप मोठं होतं, आणि आईशी वाद सुरू होतो.