कोणाला बोलवायचे?

बोटीवरील संडासाविषयी मानोऱ्यात बसून कोणी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. वाशिम जिल्ह्यातील हे आमचे तालुक्याचे गाव काळ्या मातीचे, कापूस, तूर आणि सोयाबीनचे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. परंतु माझे माहेर वसईचे, आणि धाकटा भाऊ गोव्यात शिडाच्या बोटींच्या दुरुस्तीचे काम करतो. त्यातल्या ज्या कामाविषयी बोलताना प्रारंभी त्याला संकोच वाटे, तेच ऐकण्यात मला अधिक गोडी वाटत आली आहे.

बोटीवरचे भांडे घरातल्यासारखेच, फक्त लहान. त्याच्या शेजारी हातपंप. पंपाचा दांडा वरखाली केला की समुद्राचे पाणी भांड्यात येते आणि मैला बाहेरच्या नळीत ढकलला जातो. पाणी आत घेण्यासाठी एक आणि मैला बाहेर सोडण्यासाठी एक, अशी बोटीच्या अंगाला दोन भोके असतात व दोहोंवर झडपा असतात. भांडे पाण्याच्या पातळीखाली असेल तर हा एवढासा कारभार बोट बुडवू शकतो. एकदा पाणी उलटे ओढले जाऊ लागले की ते थांबत नाही. म्हणून नळी पातळीच्या बरीच वर नेऊन तिला कमानीसारखे वळण देतात आणि कमानीच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप बसवतात. वापर झाल्यावर खालच्या दोन्ही झडपा बंद करणे, ही तर बोटीवरील पहिली शिस्त.

भांडे आपोआप भरू लागले, तर दोष बहुधा पंपाच्या तोंडाशी असलेल्या रबरी झडपेचा. बदकाच्या चोचीसारखी ही झडप मैला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. तिच्या ओठांवर क्षार धरला की ते नीट मिटत नाहीत. ती स्वस्त वस्तू आहे. वर्षाकाठी नवी घालावी. दांडा जड चालू लागला तर जोर मात्र करू नये. आतले रबर कोरडे पडलेले असते, किंवा नळीच अरुंद झालेली असते. मूत्र आणि खारे पाणी एकत्र आले की नळीच्या आत चुन्यासारखा दगडी थर बसतो आणि दीड इंचाची नळी हळूहळू बोटाएवढी होते. थर पातळ असेल तर रात्रभर व्हिनेगर ठेवून तो विरघळतो. जाड असेल तर नळी सोडवून धक्क्यावर आपटायची, म्हणजे खपल्या गळून पडतात. दुर्गंधी नेमकी कोठून येते हे शोधायचे तर कापड गरम पाण्यात भिजवून पिळावे, नळीवर घासावे आणि हुंगावे. कापडाला वास आला तर नळीच मुरली, ती बदलावी. पोटातून न आलेली वस्तू भांड्यात टाकायची नाही, हा नियम तर पाहुण्यांना बोटीवर पाऊल टाकताच सांगतात.

मी एकदा विचारले, "भर समुद्रात बिघडले तर कोणाला बोलावतात?"

तो हसला. "बाय, तिथं कोणाला बोलावणार? ज्यानं वापरलं त्यानंच खोलायचं."

गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून ती कोठेही न थांबता पुरी केली. दोघेही तेव्हा नौदलाचे अधिकारी होते. परंतु एकट्याच्या नौकेत कप्तान जो, तोच स्वयंपाकी आणि तोच सफाई करणारा. दुसरा माणूस आणायचा कोठून?

आमच्या मानोऱ्यात मात्र दुसरा माणूस शोधण्याची खोड फार जुनी आहे. आमच्या घरी दोन शोषखड्ड्यांचा संडास आहे. भांड्याखालच्या वळणात 20 मिलिमीटर पाणी साचून राहते आणि वास अडवते. दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. पुढे एक छोटी चौकट, तीतून दोन वाटा फुटतात, त्यांपैकी एक वीट लावून बंद केलेली. पाच माणसांच्या घरात एक खड्डा साधारण तीन वर्षांत भरतो. मग वाट बदलायची आणि भरलेला खड्डा दोन वर्षे झाकून ठेवायचा. आमच्या चिकण काळ्या मातीत पाणी सावकाश झिरपते, म्हणून खड्डे थोडे मोठे ठेवून भोवती वाळूचा थर द्यावा लागतो. फिनेल आणि ॲसिड ओतणारे लोक मैल्याची माती करणारे जंतूच मारून टाकतात.

एका पावसाळ्यानंतर पाणी सावकाश उतरू लागले. यजमानांनी चौकटीचे झाकण उघडले. चौकट कोरडी असती तर भांड्याच्या वळणात काही अडकले, असे ठरले असते. पण तीत पाणी तुंबलेले होते. म्हणजे खड्डा भरला.

कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "आता कोनाले बोलावता जी, काकू?"

तिच्या मनात वाईट काही नव्हते. परंतु या प्रश्नाचे उत्तर आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते, आणि ते उत्तर म्हणजे एक जात होती. हाताने मैला उपसायला लावणे 1993 च्या कायद्याने आणि पुढे 2013 च्या अधिक कडक कायद्याने गुन्हा ठरले. तरीही गटारांत आणि टाक्यांत उतरलेली माणसे विषारी वायूने गुदमरून मरत राहिली. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दहा लाख आणि 2023 मध्ये तीस लाख रुपये भरपाई ठरवली. रक्कम वाढवावी लागली, यातच सारे आले.

येथे मला अप्पासाहेब पटवर्धन आठवतात. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचे काम मागितले. ब्राह्मण कैद्याला ते मिळेना, म्हणून त्यांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनी डिसेंबरात उपवास आरंभला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. शिडाच्या बोटीवर जे आपसूक घडते, त्यासाठी जमिनीवर एका माणसाला उपाशी राहावे लागले!

आम्ही कोणालाच बोलावले नाही. भाऊ नाताळसाठी आला होता. त्याने आणि यजमानांनी हातमोजे चढवून चौकटीतली वीट काढली, दुसऱ्या वाटेला लावली आणि सिमेंटने सांधली. अर्ध्या तासाचे काम. झाकणावर भावाने रंगाने तारीख घातली. बोटीवरच्या झडपांनाही तो तशीच घालतो.

दोन वर्षांनी यजमानांनी खड्डा उघडला तेव्हा शेजारीण नाकाला पदर लावून आली. आत भुसभुशीत, काळसर माती होती. वास नव्हता. तिने पदर काढला, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "एक घमेलं द्या न जी, लिंबाच्या झाडाले पाह्यजे."

तिच्या घरचा खड्डा एकच आहे, खोल आणि पक्का बांधलेला. तो भरत आला आहे, आणि मैला उपसणाऱ्या टँकरचे भाडे किती, याची चौकशी तिचे यजमान करीत आहेत. दुसऱ्या खड्ड्याला अंगणात जागा आहे. मापे मी कागदावर लिहून दिली आहेत.